आधी सिम बदला, मग मोबाईल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महिनाभर माझ्या मोबाईलची रेंज दिवसातून आठ-दहा वेळा जात होती. बंद करून चालू केला की तास-दोन तास बरा, पुन्हा 'नो सर्व्हिस'. गॅसवाला दारात उभा आणि ओटीपी येईना! कराडला एका दुकानात दाखवला. दुकानदाराने फोन नुसता हातात घेतला आणि सांगितले, "काका, सेट जुना झालाय, अँटेना गेली. नवीन घ्या."

घेणारच होतो. पण रविवारी पुतण्या आला. त्याने पहिले विचारले, शेजारी याच कंपनीचे कार्ड कोणाकडे आहे, आणि त्यांची रेंज जाते का? जात नव्हती. म्हणजे टॉवर ठीक. मग माझे सिम त्याच्या फोनमध्ये आणि त्याचे माझ्या फोनमध्ये घातले. संध्याकाळपर्यंत त्याच्या नव्याकोऱ्या फोनची रेंज चार वेळा गेली, माझा 'जुना सेट' मात्र ठणठणीत! दोष सिमचा. मोठे सिम कापून छोटे केलेले, आठ-नऊ वर्षांचे, पितळी भागावर ओरखडे. कंपनीच्या गॅलरीत आधार दाखवून त्याच नंबरचे नवे सिम किरकोळ पैशात मिळाले. फक्त नवे सिम चालू झाल्यावर 24 तास एसएमएस बंद राहतात. फसवणूक होऊ नये म्हणून ही सोय आहे, पण बँकेचे काम असेल तर आधी उरकून घ्यावे.

सिम काढायला एक पिन लागते आणि दोन मिनिटे. सोळा हजारांचा मोबाईल गळ्यात मारण्याआधी दुकानदाराने एवढे करू नये?

शेजाऱ्यांचीही रेंज जात असेल तर मात्र सिम बदलून उपयोग नाही. आमच्या ढेबेवाडी खोऱ्यात पावसाळ्यात लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरही मान टाकतो. अशा वेळी 198 वर तक्रार करून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून ठेवावा. ट्रायच्या (दूरसंचार कंपन्यांवरील सरकारी नियामक) 2024 च्या नियमावलीत सेवा 24 तासांहून जास्त बंद राहिल्यास ग्राहकाला भरपाई आहे, पण तिथे हिशेब जिल्ह्याचा. सातारा शहरात फोन वाजत असताना आमचे खोरे तीन दिवस मुके राहिले, तर ते कुठल्या हिशेबात धरायचे? हा हिशेब टॉवरवार व्हावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ढेबेवाडी, ता. पाटण, जि. सातारा