या सुट्टीत महिनाभर येत नाही

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते आहे. या उन्हाळ्यात मी नेहमीसारखी महिनाभर राहायला येणार नाही. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोहोचते आणि आठ दिवस राहते, त्यात काही बदल नाही. पण मग मला परतावं लागेल. मुलांचं वाचन मंडळ सुट्टीतही चालवायचं ठरवलंय आणि नावं नोंदवूनही झाली आहेत.

आई, तू म्हणशील, शाळा सुटल्यावर घेतेस तेवढं पुरे नाही का? नाही गं पुरत. शाळा असते तेव्हा निदान पाठ्यपुस्तक हातात असतं. ज्या घरात दुसरं पुस्तकच नाही, तिथलं मूल सुट्टीभर काही वाचत नाही आणि शाळा उघडली की जोडाक्षरांवर पुन्हा अडखळतं. आमच्यात नऊ वर्षांचा एक मुलगा आहे. वाचायची पाळी आली की ‘पास’ म्हणायचा. तशी मुभा आहे आमच्याकडे, कुणी हसत नाही. मग मी त्याच्या ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी सरकवत गेले, तू अंगठा सरकवायचीस तशी. गेल्या आठवड्यात त्याने अख्खं पान वाचलं आणि विचारलं, “सुट्टीत पण आहे ना?” त्याला नाही म्हणणं मला जमलं नाही.

बाबा, तुम्हाला वाटेल ही शिकवणीच झाली. तसं नाही. पोरं दिवसभर बाकावर बसून आलेली असतात, म्हणून पहिली पंधरा मिनिटं त्यांची. मग मी वीस मिनिटं मोठ्याने वाचते आणि ऐन रंगात आलं की पुस्तक मिटते. ही युक्ती कुणाची, ते सांगायला नको. त्यानंतर गप्पा. बोध काय, असं मी कधीच विचारत नाही. तुला कुठे राग आला, एवढंच विचारते, आणि त्यावर मुलं तासभर भांडू शकतात. जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस ठेवून पाहिलं, तर सगळ्यांनी बारीकातली बारीक पुस्तकं उचलली. ते बंद केलं. पुस्तक जड आहे का, हे मुलं स्वतःच पाहतात: एक पान वाचायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं, पाचही मिटली तर ते पुस्तक सध्या बाजूला. सुट्टीत मुलं गावाला जात-येत राहतात, म्हणून दोन-दोन आठवड्यांचे तुकडे केलेत, एका तुकड्यात एक पुस्तक. गटात दहाच मुलं, खोलीत कायम दोन मोठी माणसं, आणि न्यायला कोण येणार ते वहीत लिहिलेलं. तेव्हा आई, ‘लोकांची मुलं’ म्हणून तू रात्री जागत बसू नकोस.

मला झोप, आराम सगळं मिळतंय. सकाळची नोकरी सोडलेली नाही. आणि मी तुम्हाला गृहीत धरते आहे, असं कृपा करून मनात आणू नका. मला तुमच्याजवळच राहावंसं वाटतं. दिवे गेलेल्या रात्री बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकत पडायचे, ते अजून तसंच आठवतं.

आता नीट ऐका. ऑपरेशननंतर थेंब वेळच्या वेळी. बरं वाटतंय म्हणून मध्येच थांबवायचे नाहीत. डोळा चोळायचा नाही, रात्री डोळ्यावरचं कवच काढायचं नाही. आई, बाथरूममधलं ते गुळगुळीत पायपुसणं आजच टाकून दे आणि तुझ्या बीपीच्या गोळ्या बाबांच्या गडबडीत विसरू नकोस. बाबा, डॉक्टर परवानगी देईपर्यंत पुस्तक हातात घ्यायची घाई नको. रोज रात्री नऊला मी फोन करून तुम्हाला वाचून दाखवेन. मंडळात जे चालू असेल, तेच.

आणि जिन्याखालची ती तपकिरी ट्रंक माझ्यासाठी ओढून काढू नका. वजन उचलायचं नाही आणि वाकायचंही नाही. मी आले की मीच काढते. त्यातली पुस्तकं मला मुलांसाठी न्यायची आहेत. बाबा, तुम्ही हो म्हणालात तरच.

तुमची,
बेबी