भांडण थांबवणे आणि मिटवणे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेत दोन मुलांचे भांडण झाले की त्यांना दटावून एकमेकांना ‘सॉरी’ म्हणायला लावायचे आणि तास पुढे सुरू करायचा, हीच बहुतेक ठिकाणची रीत आहे. त्याने वर्ग शांत होतो, पण भांडण नेमके कशावरून पेटले आणि पुढच्या वेळी वेगळे काय करता येईल, हे दोघांपैकी एकालाही कळत नाही. राग आल्यावर क्षणभर थांबणे, समोरच्याचे म्हणणे मध्येच न तोडता ऐकणे, ‘तू नेहमी असाच वागतोस’ असे म्हणण्याऐवजी ‘न विचारता माझी वही घेतलीस म्हणून मला राग आला’ असे सांगणे, हे सारे सरावानेच अंगवळणी पडते. फळ्यावर रोज सुविचार लिहून ते साधत नाही.

शाळेत असा सराव घेण्यात अभ्यासाचा वेळ जातो, ही तक्रार मात्र टिकणारी नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोसेफ डर्लाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये, भावना आवरायला आणि इतरांशी नीट वागायला शिकवणाऱ्या २१३ शालेय उपक्रमांचा एकत्रित आढावा घेतला, ज्यांत सुमारे २ लाख ७० हजार विद्यार्थी होते. मुलांचे वागणे तर सुधारलेच, शिवाय अभ्यासातही सरासरी ११ पर्सेंटाइलची वाढ दिसली, म्हणजे शंभर मुलांच्या क्रमवारीत मधोमध असलेला विद्यार्थी अकरा जागा वर सरकावा इतकी. आणि अभ्यासातला हा फरक शाळेतल्याच शिक्षकांनी उपक्रम राबवला तिथेच ठळक होता. वर्षातून एकदा पाहुणे वक्ते बोलावून समाधान मानणाऱ्या शाळांनी हे जरूर वाचावे. त्यासाठी वेगळा तासच हवा असेही नाही. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरनसन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथे, वेगवेगळ्या वंशांची मुले नुकतीच एकत्र शिकू लागलेल्या आणि तणावाने भरलेल्या वर्गांत, एकाच धड्याचे भाग गटातल्या मुलांना वाटून दिले. प्रत्येकाने आपला भाग इतरांना समजावल्याखेरीज कोणालाच पूर्ण धडा कळणार नव्हता; साहजिकच एकमेकांचे ऐकणे भाग पडले.

एका बाबतीत मात्र सावध राहायला हवे. बरोबरीच्या दोघांचा वाद वेगळा आणि बलवान मुलाने दुबळ्याला वारंवार छळणे वेगळे. वादात मुलांमधलाच एखादा प्रशिक्षित मध्यस्थ उपयोगी पडतो. छळाच्या प्रकरणात दोघांना समोरासमोर बसवून ‘तुम्हीच मार्ग काढा’ म्हणणे हा सोसणाऱ्यावर दुसरा अन्याय ठरतो, कारण बोलण्याचे बळच तिथे सारखे नसते. अशा वेळी त्या मुलाशी एकांतात बोलून छळ थांबवण्याची जबाबदारी मोठ्यांनीच घ्यायची असते, आणि यातला फरक ओळखण्याचे शिक्षण शिक्षकांना त्यांच्या प्रशिक्षणातच मिळायला हवे.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका