खातं तुलाच माहीत आहे

दिग्या,

तुला शेवटचं लांबलचक लिहिलं ते २०२० च्या जूनमध्ये, आणि त्यात शिव्याच जास्त होत्या. मधे नंद्या गेला तेव्हा फोन झाला, पण त्याला बोलणं म्हणत नाहीत. तब्येत ठीक. साखर वाढलीय, गोळी चालू आहे, विषय संपला.

काम आहे म्हणून लिहितोय. पण सरळ सांगायला जमणार नाही. तुला सवय आहे.

गेल्या रविवारी नंद्याची चिऊ आली होती. चिऊ म्हटलेलं आता तिला खपत नाही. म्हणाली, "काका, बाबांचे फोटो ढीगभर आहेत. आवाज कुठंच नाही." त्याच्या फोनचं काय झालं ते तुला माहीतच आहे. मग म्हणाली, "ते छोटे छोटे व्हिडिओ करायचे ना, ते असतील का कुठं?" मी म्हटलं, बघतो. आणि रात्रभर छताकडे बघत पडलो.

कारण ते दार मी लावलंय. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. २९ जूनला ५९ ॲपांवर बंदी आली, टिकटॉक त्यात होतंच, आणि आमच्यासारख्या इंटरनेट पुरवणाऱ्यांकडे बंद करायची यादी आली तेव्हा शिफ्टला मीच होतो. डोमेन डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या वहीत, अडवली, पत्ते ब्लॅकहोल केले, म्हणजे तिकडं जाणारं सगळं खड्ड्यात, तपासून पाहिलं, तिकीट, म्हणजे कामाची नोंद, बंद केलं. फार तर अर्ध्या तासाचं काम. तशा याद्या त्याआधीही यायच्या, आताही येतात. आयटी कायद्याच्या कलम ६९अ खालचे आदेश गोपनीय असतात, का बंद करायचं ते आमच्यापर्यंत पोचत नाही आणि आम्ही विचारतही नाही. पण ती एक यादी मी हसत हसत टाकली. गलवानला वीस जवान गेले त्याला दोन आठवडे झाले होते. घरी येऊन तुला मेसेज केला, "झोपवलं बघ." तू उलट लिहिलंस की कंपनी चीनची असेल, पण त्यातली माणसं कुठली? मी म्हटलं, तिकडं अमेरिकेत बसून अक्कल शिकवू नकोस. पुढचं तुझ्याकडे लिहिलेलं असेलच, तू काही पुसत नाहीस.

माझं तेव्हाचं सगळंच चूक होतं असं मी अजूनही म्हणणार नाही. इतक्या लोकांचा डेटा दुसऱ्या देशाच्या मुठीत असणं ही काही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. आणि चीननं तरी काय केलं? फेसबुक, ट्विटर २००९ पासून बंद, स्वतःची बाजारपेठ भिंतीआड, आणि स्वतःची ॲप मात्र जगभर. तेव्हा ते रडगाणं मी ऐकून घेणार नाही. पण तुझा प्रश्न मी पाच वर्षं टाळला. कंपनीला दार लावलं आणि आतली माणसं आपली होती, वीस कोटींच्या आसपास. कुणाला सामान काढायला एक दिवससुद्धा मिळाला नाही. संध्याकाळी घोषणा, दुसऱ्या दिवशी ॲप दुकानांतून गायब. एखादी इमारत पाडतानासुद्धा नोटीस देतात रे.

व्हीपीएन लाव म्हणशील, दुसऱ्या देशातून आल्यासारखं दाखवणारं. लावलं. दिवसा कुलूप लावतो आणि रात्री खिडकीतून चढतो, हसून घे. ॲप सिमकार्डवरून देश ओळखतं, म्हणून ब्राउझरमधून गेलो. इथल्या लोकांचे जुने व्हिडिओ आहेत तिथं, जून २०२० वर थांबलेले, घड्याळ बंद पडावं तसे. पण नंद्या सापडत नाही. खातं कुठल्या नावानं होतं तेच मला माहीत नाही. का माहीत नाही ते तुला ठाऊक आहे. मी त्याच्या पहिल्या व्हिडिओची इतकी टर उडवली की त्यानं मला ब्लॉक केलं. सरकारनं त्याला ब्लॉक करायच्या आधी त्यानं मला केलं होतं! तू मात्र एकूण एक व्हिडिओला बदाम द्यायचास, त्यावरूनही मी तुला बोललो होतो. त्या बदामांच्या यादीत तो असणार.

२००८ ची ती रात्र आठवते? यूट्यूब गेलं आणि आपल्याला वाटलं आपणच काहीतरी तोडलं. नंद्या प्रत्येक केबल हलवून बघत होता, तू मोठ्या साहेबांना उठवायला निघालास आणि मी तुला धरून ठेवलं. नंतर कळलं की पाकिस्तानला ते फक्त त्यांच्या हद्दीत बंद करायचं होतं. त्यांनी यूट्यूबच्या पत्त्यांचा एक छोटा तुकडा आपलाच आहे असं वाट दाखवणाऱ्या राउटरना सांगितलं, ते बाहेर सांडलं, आणि नेमका पत्ता सांगेल त्याचं खरं मानायचं हा राउटरचा धर्म, म्हणून दोनेक तास जगभरची वाट तिकडं वळली. नंद्या म्हणाला होता, "याचा अर्थ असा की एका घरात दिवा घालवायला गेलं की गावात अंधार होतो. म्हणून कुणी असलं काही करणार नाही." किती खात्रीनं म्हणाला होता! आपण तिघांनीही मानलं होतं ते.

आता सगळ्यांना नीट जमायला लागलंय. रशियानं २०१८ ला टेलिग्राम पकडायला जाऊन ॲमेझॉन-गूगलचे लाखो पत्ते बंद केले आणि टेलिग्राम चालूच राहिलं, तेव्हा मी नंद्याला फोन करून हसलो होतो. २०२२ ला फेसबुक आणि इन्स्टाग्राम बंद केलं तेव्हा असलं काही हसण्यासारखं झालं नाही. नेपाळनं २०२५ च्या सप्टेंबरात २६ ॲप एकदम बंद केली, आठवडा व्हायच्या आत बंदीही गेली आणि पंतप्रधानही गेले, पण मधे किती पोरं मेली ते वाचलंस ना? आमच्याकडे कुणी त्यावर बोललंसुद्धा नाही. पुढचं तिकीट उघडलं.

आणि मग तुझ्याकडची ती २०२५ च्या जानेवारीची रात्र. १८ तारखेला टिकटॉक काळं झालं ना तिकडं? बातमी वाचून पहिल्यांदा मनात आलं, "बघ दिग्या, आता तुझंही गेलं." खोटं कशाला सांगू. मग लक्षात आलं की नंद्या तुझ्याच बाजूला उरलाय. दुसऱ्या दिवशी ते परत आलं. मी तेव्हाच लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. पत्र सुरू केलं की जूनचं भांडण आडवं यायचं. चिऊ आली नसती तर अजूनही लिहिलं नसतं.

तर काम एवढंच. तुझ्या जुन्या खात्यात जा, बदाम दिलेले व्हिडिओ काढ, त्याचं खातं शोध आणि सगळं उतरवून घे. ज्यांत तो बोलतो ते आधी. नुसते ओठ हलवलेत आणि आवाज दुसऱ्याचाच आहे, असेही बरेच असतील, ते मागून. चिऊला मी अजून काही कबूल केलेलं नाही, तेव्हा एकही मिळाला नाही तरी मला कळव. लिंक पाठवू नकोस, ती इथं उघडणार नाही, ते काम मी नीट केलंय. फायली पाठव.

वैशालीला नवीन नोकरी लागल्याचं कळलं, अभिनंदन सांग. पोरगा कितवीत आहे आता? तुझ्या पाठीचं काय झालं?

आणि एखाद्या व्हिडिओत तो माझी नक्कल करत असणार. केलीच असेल त्यानं. तो चिऊच्या आधी मला पाठव.

तुझा,
बाळ्या