मुलांना गरवायला शिकवणारी माणसे हवीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठच्या एका गावात राहतो. प्राथमिक शाळेत शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. गेली तीन वर्षे आम्ही चार-पाच जण महिन्यातले दोन रविवार गावातल्या मुलांना नदीवर गरवायला नेतो. गरीने, म्हणजे गळाने, मासे धरणे याला आमच्याकडे गरवणे म्हणतात. मुले वाढली, पण त्यांच्याजवळ बसणारी मोठी माणसे तेवढी वाढली नाहीत. म्हणून हे पत्र.

सुरुवात वर्गातच झाली होती. पाचवीच्या मुलांना मी विचारले, आपल्या नदीत कोणकोणते मासे आहेत? उत्तरे आली ती बांगडा, इसवण, पापलेट. सगळी समुद्राची, मासळीबाजारात ऐकलेली. शेवटो हा गोव्याचा राज्यमासा. तो आपल्या घरामागच्या पाण्यात असतो हे वर्गात एकाच मुलाला ठाऊक होते, कारण त्याचे वडील पागायला, म्हणजे फेकायच्या जाळ्याने मासे धरायला, जात. बाकीच्यांची घरेही नदीपासून हाकेच्या अंतरावर होती. नदी त्यांनी पाहिली होती ती शिवोली-चोपडे पुलावरून, बसच्या खिडकीतून. त्या दिवशी मला फार वाईट वाटले. त्यांना ‘माझी नदी’ हा निबंध लिहायला लावणारा मीच होतो.

सामान म्हणाल तर थोडेच लागते. बांबूची बारीक काठी, तिला काठीएवढाच लांब तंगूस (नायलॉनचा दोरा), शिशाचा छोटा तुकडा, जुन्या चपलेच्या तळव्याचा कापलेला तरंगता तुकडा आणि एक बारीक गरी. एका मुलाचे सगळे सामान शंभर रुपयांच्या आत होते. आमिषाला सोललेले सुंगट (कोळंबी), काडू (गांडूळ) नाहीतर कणकेचा गोळा. गरीचा उलटा काटा आम्ही पकडीने दाबून सपाट करतो. मग चुकून बोटात रुतली तरी सरळ निघते, आणि माशाच्या तोंडातूनही त्याला फारशी इजा न करता काढता येते.

वेळ ठरवायचे काम मुलांकडे आहे आणि मला ते सगळ्यांत आवडते. शुक्रवारी मुले घरच्या दिनदर्शिकेत रविवारची तिथी बघतात आणि तिची पाऊणपट करतात. आपल्या किनाऱ्यावर जुन्या माणसांचा हा ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, द्वादशीला नऊच्या. पक्ष कोणताही असो. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो आणि नदीत जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोचते, ते मुले आता स्वतःच धरून चालतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याला जोर नसतो. एका मुलाने मला विचारले, “सर, पाऊणकी (पाऊणचा पाढा) यासाठी पाठ करत होते का?” पस्तीस वर्षे गणित शिकवूनही मला हे उदाहरण कधी वर्गात सुचले नव्हते.

आम्ही बसतो ते खाजनाच्या बांधावर. खाजन म्हणजे काय ते मुलांना तिथे उभे राहूनच कळते. एका बाजूला खारी नदी, दुसऱ्या बाजूला तिच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली शेती आणि मध्ये मातीचा बांध. बांधात मानस, म्हणजे पाण्याची ये-जा करणारे दार, असते. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने तिची लाकडी दारे उघडतात, भरती चढू लागली की नदीचे पाणीच ती लोटून बंद करते. माणसाने हात लावावा लागत नाही. गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन आपल्या पूर्वजांनी पाण्याकडून मिळवली असे सांगतात, आणि कित्येक ठिकाणी बांध फुटून ती पुन्हा पाण्याखाली जात आहे. मानशीच्या तोंडावर मासे धरण्याचा हक्क लिलावाने दिलेला असतो, म्हणून आम्ही तिथून लांब बसतो. हे कारणही मुलांना सांगतो. नदी सगळ्यांची असली तरी तिच्यावर कुणाचे तरी पोट चालते, हे त्यांना कळायला हवे.

आमच्यात एक वृद्ध रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणारे मच्छीमार, आहेत. शाळा त्यांनी चौथीत सोडली. काठावर ते आमच्या सगळ्यांचे गुरुजी. तरंगते हलले की मुले लगेच काठी खेचतात. ते हळूच म्हणतात, “राव रे बाबू, ओडूं नाका.” तरंगते बुडून सरकू लागले की मगच मनगटाचा एक झटका. पहिल्या दिवशी एकाही मुलाला तेवढे थांबता येत नाही. चौथ्या-पाचव्या खेपेला येते.

सहावीतल्या एका मुलीला पहिल्या दोन रविवारी काहीच लागले नाही. मला वाटले आता ती येणार नाही. तिसऱ्या वेळी ती घरून कणीक मळून घेऊन आली, थोडी हळद घातलेली, आणि तिला एक काळुंदर लागली. रापणकारांनी आधी तिला हात नदीत ओले करायला लावले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही पुढे रोगाने मरतो. मग त्यांनी सांगितले, काळुंदर दगडाला किंवा बुडलेल्या लाकडाला अंडी चिकटवते आणि नर-मादी दोघे मिळून त्यांची राखण करतात, पिल्ले झाली तरी सोडत नाहीत. तिने ती काळुंदर सोडून दिली. कुणी सांगितले नव्हते. चणक नावाचा मासा जन्मतः नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, हे ऐकल्यावर तर त्या दिवशी प्रश्नांचा पाऊस पडला. आम्ही खाण्याजोगे चार मासे घरी नेऊ देतो, लहान सगळे परत पाण्यात.

त्या मुलीचे वडील पुढच्या रविवारी तिला सोडायला आले ते बांधावरच बसले. लहानपणी रोज गरवायचे, वीस वर्षांत काठी हातात धरली नव्हती म्हणाले. आज ते आमचे पाचवे स्वयंसेवक आहेत. असे वडील, काका, मामा गोव्यातल्या प्रत्येक नदीकाठच्या गावात आहेत याची मला खात्री आहे.

मुलांनी बाहेर पडावे याचे आणखी एक कारण मी रोज पाहत होतो. माझ्या शेवटच्या वर्षांत पहिल्या बाकांवर चष्मेच चष्मे दिसत. तैवानमध्ये २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटे घराबाहेर, उजेडात ठेवण्याची मोहीम चालवली गेली आणि वर्षानुवर्षे वाढत चाललेले अधू नजरेच्या मुलांचे प्रमाण खाली येऊ लागले. बांधावर दोन तास बसलेले मूल पाण्यावर नजर ठेवते, मध्येच समोरच्या खारफुटीवर बसलेल्या खंड्याकडे बघते. आठवड्यातल्या उरलेल्या दिवसांचे काय, हा प्रश्न राहतोच, पण काठी घरी नेलेली मुले आता संध्याकाळीही नदीवर जायचे म्हणून मोठ्यांच्या मागे लागतात.

पालकांची भीती मला समजते. जवळच्या एका शाळेला आम्ही विचारले तेव्हा ‘पाण्याची जबाबदारी नको’ म्हणून नकार मिळाला. त्याचा मी राग धरत नाही. उलट आमचे नियम त्या नकारानंतरच पक्के झाले. तीन मुलांमागे एक मोठा माणूस, तेवढी माणसे आली नाहीत तर त्या दिवशी कार्यक्रम रद्द. प्रत्येक मुलाला लाइफ जॅकेट, पायात पट्ट्याची चप्पल, कारण काठावरच्या कालवांनी पाय चिरतो. मगर दिसल्याचे गावकरी सांगतात त्या भागात पाऊल ठेवायचे नाही. तुटलेल्या तंगुसाचा एक तुकडाही काठावर राहू द्यायचा नाही, तो बगळ्यांच्या पायात अडकतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा आम्हीही नदीवर जात नाही. पाण्याला ओढ असते, आणि मृगाच्या पावसात चढणीचे मासे अंड्यांनी भरलेले असतात. पुढे श्रावणात बऱ्याच घरांत मासे वर्ज्य. मग चतुर्थीपर्यंत आम्ही पडवीत बसून गाठी मारायला, काठ्या तासायला शिकवतो.

गेल्या पावसाळ्यानंतर तीन रविवार आम्हाला कार्यक्रम रद्द करावा लागला. मुले काठ्या घेऊन आली होती. माणसे दोनच होती. त्यांना परत पाठवताना मला जे वाटले ते इथे लिहिता येत नाही.

आम्हाला देणगी नको, स्पर्धा आणि बक्षिसे तर नकोतच. पोहता येणारी, शांत बसू शकणारी माणसे हवीत, महिन्यातून दोनदा दोन-अडीच तासांसाठी. मासे धरता येत नसले तरी चालेल, ते आम्ही शिकवू. महिला आल्या तर फार बरे होईल, कारण मुली नववीत गेल्या की घरचे त्यांना पाठवायला कचरतात. पंचायतींना एवढीच विनंती आहे की नदीकडे उतरणाऱ्या जुन्या पाणंदी आणि पायऱ्या मोकळ्या ठेवाव्यात. आमच्या गावातली एक वाट कुंपण पडून बंद झाली आहे, तिथून मुलांना आता अर्धा किलोमीटर वळसा पडतो. आणि मांडवी, जुवारी, साळ, तळपण यांच्या काठी कुणाला असे काम सुरू करायचे असेल तर काठ्या कशा बनवायच्या ते दाखवायला आमचे रापणकार यायला तयार आहेत. फक्त त्यांना नेण्या-आणण्याची सोय करावी, त्यांचे गुडघे दुखतात.

आम्ही दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी जातो. ज्यांना यायचे असेल त्यांनी आपल्यामार्फत कळवावे. वेळ तिथी पाहून मुले ठरवतील.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
पेडणे, गोवा