वहीत न लिहिलेला खर्च

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, प्लास्टर काढलं तरी मनगटात कळ येते म्हणे. आईने सांगितलं, तुम्ही नाही. या आठवड्यात पुन्हा रात्रीची लाईट आहे आणि तुम्ही बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला, दारं धरायला जाता, हेही तिनेच सांगितलं. फोन केला की तुम्ही "बरं बरं" म्हणून तिच्याकडे देता, म्हणून पत्र.

गेल्या खेपेला तुमची हिशेबाची वही चाळली. युरियाचं पोतं 266 रुपये 50 पैसे, पैशासकट. बेणं, भरणी, भांगलण सगळं आहे. मनगटाचे साडेअठरा हजार तेवढे नाहीत. ते म्हणे घरखर्च. रात्री दोनला ओल्या बांधावरून पाय घसरला तो उसाला पाणी पाजतानाच ना? मग तो उसाचाच खर्च.

सोलर पंपाचं काढलं की तुम्ही म्हणता, साडेसात एचपीपर्यंत वीजबिल माफ आहे एप्रिल 2024 पासून, मग पंपाच्या किमतीतले शेतकरी हिश्शाचे दहा टक्के तरी कशाला भरू? तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. बिल गेलं, पण रात्र कुठे गेली? शिवाय फुकटची म्हटल्यावर मोटर बंद करायची घाई कुणाला नसते. कंटाळलात की तुम्हीही मोटर ऑटोवर टाकून झोपता, लाईट आली की ती आपोआप सुरू, आणि सकाळी सऱ्या तुडुंब.

खालच्या तुकड्याचं त्यानंच झालं. आपल्या शिरोळच्या काळ्या रानात पाणी जिरत नाही, साचतं. खालचे क्षार घेऊन वर येतं, ऊन लागलं की उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात. मी शाळेत असताना तिथे एकरी साठ टन निघायचा. मार्चमध्ये फिरले तर चपलेखाली पांढरी पापडी कुरकुरत होती आणि खोडव्याला, तोडलेल्या उसाच्या बुडख्यांना, फुटवे नाहीत. निचऱ्याचे सच्छिद्र पाइप टाकायचे तर पाणी ओढ्याला सोडावं लागणार. मध्ये सदाकाकांचं रान, आणि त्यांच्याशी तुमचं बोलणं बंद. (वीतभर बांधाचं भांडण किती टनाला पडलं, तेही लिहा कधी वहीत.)

आई, तू हसू नकोस. सिलिंडर वाचवायला बंबात चिपाडं घालतेस, वर दुधाच्या पिशव्या. दिवाळीपासूनचा तो खोकला हवा बदलल्याचा नाही. निदान प्लास्टिक तरी आजपासून बंद कर.

बाबा, पावसाळ्यातल्या आडसाली उसाच्या लागणीआधी वरच्या दोन एकरांत ठिबक टाकू. विजेची जोडणी असताना सोलर मिळतो का ते मी विचारते; मिळत असेल तर आपला हिस्सा मी भरते, अर्जही इथूनच करते. सातबारा आणि आधारचा फोटो तेवढा पाठवा. सदाकाकांच्या सुनेशी माझं बोलणं आहे, पाइपांचं मी तिच्याकडे काढते. तुम्ही मध्ये पडू नका.

एक्स-रे माझ्याच बॅगेत राहिलाय. रविवारी येताना आणते.

तुमची,
ताई