गाळा गहाण ठेवायचा नाही

पुणे,
गुरुवार, रात्र

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न.

काल फोनवर बाबा म्हणाले, "नाव मोठं असेल तिथंच जायचं. पैशाचं मी बघतो, गाळा आहे की आपला." मला त्यावर काही बोलता आलं नाही. मग आईनं फोन घेतला आणि हळू आवाजात सांगितलं की पाटल्या काढून ठेवल्यात. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. फोनवर हा विषय निघाला की मला रडू येतं आणि बाबा गप्प होतात, म्हणून आज लिहायला बसले.

निर्णय आधी सांगते. अमेरिकेतल्या त्या मॅनेजमेंटच्या शाळेला मी नकार कळवणार आहे. जर्मनीत मानहाइमला जाणार. बारा महिन्यांचा एमबीए, आणि खर्च अमेरिकेच्या साधारण तिसरा हिस्सा.

बाबा, तुम्हाला वाटेल, पोरीनं घरची परिस्थिती बघून मन मारलं. तसं नाही. मी आठवीत असताना मे महिन्यात तुमच्याबरोबर उद्यमनगरला गाळ्यावर यायची, ते आठवतंय? एकदा शिरोलीच्या फौंड्रीतून बेअरिंग हाऊसिंगची ओतीव कास्टिंगं आली होती. वरून इतकी गुळगुळीत की मी हात फिरवत बसले होते. तुम्ही एकेक उचलून हातोडीनं वाजवून बघितलंत. मग एक लेथवर चढवून पहिला कट घेतलात, आणि आत मोहरीएवढं भोक निघालं. ब्लोहोल. फौंड्रीचा माणूस म्हणत होता, चालतंय की, वेल्डिंगनं भरून घेऊ. तुम्ही सगळा लॉट परत पाठवलात. त्या महिन्यात पैशाची ओढाताण होती, हे मला पुढं आईकडून कळलं.

मी गेले आठ महिने तेवढंच केलं आहे. शाळा वाजवून बघितल्या.

तुम्ही मला व्हॉट्सॲपवर फायनान्शियल टाइम्सच्या एमबीए शाळांच्या यादीचा फोटो पाठवला होता, पगाराच्या आकड्याभोवती पेनानं गोल करून. त्या यादीत कोर्स संपून तीन वर्षं झालेल्यांचे पगार असतात, आणि तेही जसेच्या तसे छापत नाहीत. त्या त्या देशातली स्वस्ताई-महागाई धरून ते डॉलरमध्ये बसवलेले असतात. त्यामुळं भारतात परत येऊन रुपयांत कमावणाऱ्याचा पगारही तिथं भरभक्कम दिसतो. बँकेचा हप्ता मात्र त्या कागदी डॉलरांतून जात नाही. शाळा स्वतः जो नोकऱ्यांचा अहवाल काढतात, त्यात "तीन महिन्यांत इतक्या टक्क्यांना नोकरी" असं ठळक लिहिलेलं असतं. पण ते टक्के नोकरी शोधणाऱ्यांतले. ज्यांना कंपनीनं पाठवलं किंवा जे घरच्या धंद्यात परतले, ते त्या हिशोबात धरत नाहीत. अमेरिकेतल्या बऱ्याच शाळा आणखी एक तक्ता देतात: तिथं कायम काम करायची परवानगी असलेले एकीकडं, नसलेले दुसरीकडं. माझ्यासारखीनं ती दुसरी ओळ वाचायची असते. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पुण्यातल्या ज्या सल्लागाराकडं मी आधी गेले, त्याला काही शाळांकडून प्रत्येक ॲडमिशनमागं कमिशन मिळतं, हेही मला उशिरा कळलं. त्याची आवडती शाळा तोवर माझ्या यादीत वर जाऊन बसली होती.

आता हिशोब. अमेरिकेत दोन वर्षांचा सगळा खर्च दोन कोटींच्या पुढं जातो. माझी शिल्लक वजा जाता पावणेदोन कोटींचं कर्ज. साडेदहा टक्के व्याज, पंधरा वर्षं, म्हणजे लाखाला महिना साधारण अकराशे पाच रुपये. हप्ता एक लाख त्र्याण्णव हजार. वर शिकत असतानाचं व्याज चढतं ते वेगळंच. मानहाइमला फीत थोडी सवलत मिळाली आहे, तिथं शिल्लक वजा जाता चाळीस लाखांच्या कर्जात भागतं. हप्ता चव्वेचाळीस हजार.

मी स्वतःला एकच प्रश्न विचारला. तिकडं काहीच जमलं नाही, दोन वर्षांनी बॅग घेऊन पुण्याला परत यावं लागलं, तर इथल्या पगारात हप्ता भरता येईल का? चव्वेचाळीस हजार मी आजच्या पगारातूनही भरीन. एक लाख त्र्याण्णव हजार भरायचे तर अमेरिकेत राहणं भाग आहे. आणि तिथं राहणं माझ्या हातात नाही. कोर्सला विज्ञान-तंत्रज्ञानाचा शिक्का असला तर शिक्षणानंतर तीन वर्षं काम करू देतात, पुढं तिथं नोकरी करायचा एच-वन-बी व्हिसा लागतो. त्याच्या वर्षाला ८५,००० जागा, त्यातल्या २०,००० तिथं मास्टर्स केलेल्यांसाठी. अर्ज कितीतरी जास्त येतात म्हणून सोडत काढतात. सोडतीच्या भरवशावर मी तुमचा गाळा लावणार नाही, बाबा. दोन लेथ आणि ते बोरिंग मशीन उभं करायला तुमची सव्वीस वर्षं गेली आहेत.

लंडनचंही बघितलं होतं. तिथं शिक्षणानंतर दोन वर्षं राहता येतं, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष मिळणार आहे. खर्चही माझ्या आवाक्यात बसेना.

अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या कोर्सची एक गोष्ट खरंच चांगली आहे. मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप मिळते. ज्यांना लाईन बदलायची आहे, इंजिनिअरिंग सोडून बँकेत नाहीतर कन्सल्टिंगमध्ये जायचं आहे, त्यांच्यासाठी ते सोनं आहे. मला लाईन बदलायची नाही. कारखाना, माल खरेदी, क्वालिटी, यातच मला वर जायचं आहे.

आणि त्यासाठी मानहाइमसारखं गाव नाही. गल्लीत कुणी विचारलं, "हे कुठलं हो, नाव ऐकलं नाही," तर सांगा, कार्ल बेंझनं १८८६ साली मोटारगाडीचं पेटंट घेतलं ते याच गावात. तिथं लान्झ कंपनीनं १९२१ साली बुलडॉग ट्रॅक्टर काढला. १९५६ मध्ये ती जॉन डिअरनं घेतली आणि आजही त्या गावात ट्रॅक्टर तयार होतात. तुम्ही ज्या ट्रॅक्टरची हाऊसिंगं बोअर करता, त्या धंद्याच्या माहेरीच मी चालले आहे. आई, आणखी एक गंमत ऐक. गावाच्या मधल्या भागात बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत. चौकोनांना अक्षर आणि आकडा, तोच पत्ता. आपल्या राजारामपुरीत पहिली गल्ली, दुसरी गल्ली असते ना, तसंच. मी चुकणार नाही.

मावशी म्हणाल्या ना, जर्मनीत शिक्षण फुकट असतं म्हणून? तिथल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नसते हे खरं, पण एमबीएला ते लागू नाही. शिक्षण झाल्यावर नोकरी शोधायला अठरा महिने राहू देतात. अडचण भाषेची आहे. तिथून शिकलेल्या तिघांशी मी बोलले. त्यातला सांगलीकडचा एकजण स्पष्ट म्हणाला, शॉप फ्लोअरवर उभं राहायचं तर जर्मन आलंच पाहिजे, नाहीतर नोकरी मिळायला नऊ-नऊ महिने लागतात. त्याला लागले. म्हणून मी ऑफिस सुटल्यावर मॅक्सम्युलर भवनात जर्मनचा क्लास लावला आहे. बी-वन पातळीची परीक्षा इथंच देऊन जाणार.

आई, तुला जेवणाची काळजी आहे. व्हिसाच्या आधीच मला वर्षाचे ११,९०४ युरो एका बंद खात्यात भरायचे आहेत. तिथं गेल्यावर त्यातले महिन्याला ९९२ युरोच हातात येतात, एकदम काढता येत नाहीत. ते पैसे माझ्या शिलकीतले आहेत, बाजूला काढूनही ठेवलेत. त्यामुळं महिनाअखेरी पोर उपाशी राहील असं मनात आणू नकोस. लग्नाचं तू फोनवर विचारलं नाहीस, पण विचारायचं होतं हे मला कळलं. परत आल्यावर आपण दोघी निवांत बोलू. मी टाळणार नाही.

आजोबा राधानगरीकडून कोल्हापुरात आले ते बोर्डिंगात राहायला. शाहू महाराजांनी १९०१ साली पहिलं बोर्डिंग काढलं, पुढं एकामागून एक काढत गेले, आणि त्यामुळंच आपल्यासारख्यांची पोरं शिकली. आजोबा नेहमी सांगायचे, "बोर्डिंग होतं म्हणून माझ्या बाला शिवार विकावं लागलं नाही." काल बाबा गाळ्याचं बोलले आणि मला तेच वाक्य ऐकू यायला लागलं.

बँकेशी बोलणं झालं आहे. माझा पगार आणि ॲडमिशन बघून तारणाशिवाय कर्ज द्यायला तयार आहेत, व्याज थोडं जास्त पडेल. बाबा, सहकर्जदार म्हणून तुमची सही लागेल. गाळा लागणार नाही. सही कराल ना?

शनिवारी रात्री निघते, पहाटे पोचेन. तीन वर्षांची इन्कम टॅक्सची रिटर्न्स काढून ठेवा, लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यातल्या निळ्या फाईलमध्ये आहेत. रविवारी दुपारी फॉर्म भरू.

आणि आई, पाटल्या आजच्या आज हातात घाल. दार उघडशील तेव्हा मला त्यांचा आवाज ऐकायचा आहे.

तुमची लेक