गेटिसबर्गपेक्षा विक्सबर्ग निर्णायक

संपादक महोदय,

अमेरिकी यादवी युद्धाचा विषय निघाला की बहुतेक जण गेटिसबर्गच्या लढाईपाशीच थांबतात. तिथे फुटून निघालेल्या दक्षिणेचा सेनापती ली हरला खरा, पण उरलेल्या सैन्यानिशी पोटोमॅक नदी ओलांडून निसटला आणि एप्रिल १८६५ पर्यंत लढत राहिला. खरा घाव मिसिसिपी नदीकाठच्या विक्सबर्ग या दक्षिणेच्या तटबंद शहराचा. उत्तरेचा सेनापती ग्रँट याने आधी जॅक्सन शहर घेऊन विक्सबर्गचा रेल्वेमार्ग तोडला. १९ आणि २२ मेचे थेट हल्ले फसल्यावर खंदक खणत वेढा आवळला. अन्न संपत आले आणि ४७ दिवसांनी, ४ जुलै १८६३ रोजी, तिथला दक्षिणी सेनापती पेम्बर्टन याच्या सुमारे २९ हजार सैनिकांनी शस्त्रे ठेवली. पाच दिवसांनी त्याच नदीवरचे दक्षिणेचे शेवटचे ठाणे पोर्ट हडसन पडले. मिसिसिपी उत्तरेच्या ताब्यात गेली; टेक्सास, आर्कान्सा आणि पश्चिम लुइझियाना उर्वरित दक्षिणेपासून तुटले. अख्खी फौज गमावणे दक्षिणेला परवडणारे नव्हते. पाठ्यपुस्तकांनी हा वेढा नकाशासह शिकवावा.

— एक इतिहास अभ्यासक